किल्ल्यात कैद, पडद्यावर दोस्ती

१९४३ साली हिंदुस्थान सरकारने भारत संरक्षण नियमांत ४४-अ हे नवं कलम घातलं. महायुद्ध ऐन भरात होतं, धान्यापासून कागदापर्यंत सगळ्यावर नियंत्रणं होती आणि हुकुमांवर हुकूम निघत होते. त्या गर्दीत हे कलम सामान्य माणसाच्या लक्षात आलं नसेल, पण सिनेमागृहांच्या मालकांना ते चांगलंच जाणवलं. यापुढे प्रत्येक खेळाला सरकारमान्य पट दाखवणं सक्तीचं झालं आणि त्याचं भाडंही मालकानेच भरायचं होतं. पस्तीस मिलिमीटरच्या हजार फुटी रिळाला संपायला अकरा मिनिटं लागतात. करमणुकीसाठी तिकीट काढून आलेल्या प्रत्येक माणसाची एवढी मिनिटं सरकारने आपल्या नावावर करून घेतली.

त्या मिनिटांत 'इंडियन न्यूज परेड' हा साप्ताहिक बातमीपट दिसे. रणभूमीवरच्या बातम्या, कारखाने, भरती, लाटसाहेबांचे समारंभ आणि दोस्तराष्ट्रं. ब्रिटन आणि अमेरिकेबद्दल हिंदी प्रेक्षकाच्या मनात प्रेम निर्माण करणं अवघड होतं. रशियाबद्दल सरकारच्याच मनात खळखळ होती. उरला चीन. तो आशियातला, गरीब, परक्या आक्रमणाने पोळलेला आणि बुद्धाचं नाव घेणारा. त्याच्याविषयी इथल्या लोकांच्या मनात आधीपासूनच जिव्हाळा होता. प्रचार करणाऱ्याला यापेक्षा सोपं काम मिळत नाही.

हे पडद्यावर चालू असताना नगरच्या भुईकोट किल्ल्यात बारा माणसं कोंडलेली होती: जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद आणि हरेकृष्ण महताब. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पकडून त्यांना खास गाडीने नगरला आणलं. त्याच गाडीतून गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं. आज ज्याला आपण अहिल्यानगर जिल्हा म्हणतो, त्याच्या मुख्य ठिकाणी काँग्रेसची जवळजवळ सगळी कार्यकारिणी दोन वर्षं आणि सात महिन्यांच्या वर डांबलेली होती. सरकारच्या बातमीपटात या बाराजणांना जागा नव्हती.

या लेखाचा विषय चीन आहे आणि मी नगरच्या किल्ल्याकडे वळलो, याचं कारण त्या कैद्यांचा गुन्हा ज्या कागदावर लिहिला होता, त्या कागदात आहे. ८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर अखिल भारतीय काँग्रेस समितीने जो ठराव केला, त्यात 'चले जाव'च्या मागणीबरोबर आणखी एक गोष्ट स्पष्ट नोंदवलेली आहे. चीन आणि रशिया यांच्या बचावाला आपल्या आंदोलनाने कुठेही बाधा येऊ नये, त्यांचं स्वातंत्र्य मोलाचं आहे, अशी काळजी समितीने त्यात व्यक्त केली होती. ठरावाच्या आधी दोन महिने, जूनमध्ये, गांधीजींनी चीनचे प्रमुख चँग कै-शेक यांना सविस्तर पत्र लिहून हेच समजावलं होतं. म्हणजे चीनची मनापासून काळजी वाहणारी माणसं सरकारने कोंडली आणि चीनवर प्रेम करा हे लोकांना सांगण्याचं काम कॅमेऱ्याकडे दिलं. त्या काळच्या प्रचारातली मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे.

हा जिव्हाळा कुठून आला होता, ते पाहायला थोडं मागे जावं लागेल. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर उघड चाल केली. त्या वर्षाच्या अखेरीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने चीन-दिन पाळले, वर्गण्या गोळा केल्या, आणि सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले. पथकाचे प्रमुख मदनमोहन अटल. बरोबर नागपूरचे मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे बिजयकुमार बसू आणि देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. पाचांतले दोघे मराठी. बोटीचं भाडं, औषधं, हत्यारं, सगळं लोकांच्या वर्गणीतून. स्वतः परतंत्र असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या मदतीला आपल्या खिशातून डॉक्टर पाठवावेत, याला मी फार मोठी गोष्ट मानतो. त्या वेळी या कामासाठी एक फूटही प्रचारपट सरकारने काढला नव्हता.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९३९ मध्ये, नेहरू स्वतः विमानाने चुंगकिंगला गेले. हवाई हल्ल्यांत तळघरांमध्ये बसले, चँग पतिपत्नींना भेटले आणि युरोपात युद्ध पेटल्याची बातमी येताच दौरा अर्धवट टाकून परतले. त्यांच्या मनात चीनचं जे चित्र ठसलं, ते तिथल्या माणसांना पाहून ठसलेलं होतं. ते चित्र अपुरं असेल, पण ते दुसऱ्या कुणी त्यांच्या हातात ठेवलेलं नव्हतं.

फेब्रुवारी १९४२ मध्ये चँग कै-शेक आणि मादाम चँग हिंदुस्थानात आले. सिंगापूर पडत होतं, रंगूनच्या दिशेने जपानी सैन्य येत होतं. चँग यांना वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटायचं होतं. चर्चिल यांनी त्याला हरकत घेतली. एका दोस्तराष्ट्राचा प्रमुख हिंदुस्थानातल्या राजद्रोह्याच्या झोपडीत जाऊन बसतो, हे दृश्य त्यांना नको होतं. शेवटी १८ फेब्रुवारीला कलकत्त्यात बिर्लांच्या घरी भेट झाली. निघताना चँग यांनी हिंदी जनतेला जो निरोप दिला, त्यात ब्रिटनने हिंदी लोकांना लवकरात लवकर खरी राजकीय सत्ता द्यावी अशी अपेक्षा बोलून दाखवली. ब्रिटिश बातमीपटांच्या कॅमेऱ्यांनी हा दौरा टिपला. स्वागत, सलामी, पाहुण्यांचे हसरे चेहरे, हे सगळं पडद्यासाठी उत्तम होतं. पाहुण्याने जाता जाता यजमानाला दिलेला सल्ला मात्र पडद्याच्या सोयीचा नव्हता.

आता हे यंत्र कसं चालत होतं ते पाहू. १९४० मध्ये सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केलं. अध्यक्ष जे. बी. एच. वाडिया, माहितीपटांचा अनुभव असलेले अलेक्झांडर शॉ यांना विलायतेहून बोलावलं. वाडियांसारखी माणसं फॅसिझमच्या तिटकाऱ्याने या कामात उतरली होती आणि त्यांच्या हेतूंबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. काही काळ व्ही. शांताराम या बोर्डाचे मुख्य निर्माते होते. बेचाळीसच्या वणव्यात त्यांनी ते पद सोडलं. १९४३ मध्ये बोर्ड गुंडाळून 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' उभी राहिली. एझ्रा मीर तिचे प्रमुख निर्माते झाले. बातमीपटाची बाजू, म्हणजे 'इंडियन न्यूज परेड', विल्यम मॉयलन या इंग्रज संपादकाकडे होती.

कच्ची फिल्म परदेशातून येई आणि तिचा साठा सरकारच्या मुठीत होता. कथापटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा आली. फिल्म हवी असेल तर युद्धाला पोषक चित्रपट काढा, असा दबाव निर्मात्यांवर होता. वरच्या टोकाला कच्च्या फिल्मचा परवाना आणि खालच्या टोकाला सिनेमागृहाचा परवाना, दोन्ही सरकारच्या हाती. मधल्या प्रेक्षकाला निवड करायला जागाच उरली नाही. जिथे सिनेमागृह नाही, तिथे फिरत्या सिनेमागाड्या जात.

हे पट इंग्रजी, हिंदुस्थानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू या भाषांत निघत. मराठीत नाही. मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांतल्या मराठी प्रेक्षकाने ते हिंदुस्थानी निवेदनातून समजून घ्यायचे. नगर-शेवगाव-पाथर्डीकडच्या शेतकऱ्याला त्या हिंदुस्थानीतलं अर्धं कळे, अर्धं चित्रावरून ताडावं लागे. चित्राचा जोर अशा वेळी वाढतो. शब्द नीट कळला तर माणूस हुज्जत घालू शकतो. पडद्यावर धडाडणारी तोफ आणि पाठोपाठ मुलाला कडेवर घेऊन पळणारी चिनी बाई दिसली की हुज्जत कशाशी घालणार?

त्या चित्रांमधला चीन कसा होता? दोस्तराष्ट्रांच्या सगळ्याच बातमीपटांत तो एका साच्यातून निघालेला दिसतो. जळकी गावं, सोशिक शेतकरी, टोपल्या वाहत रस्ते बांधणाऱ्या बायका, गणवेशातले गंभीर सेनापती चँग आणि अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या मादाम. आसामातून हिमालयावरून कुनमिंगला जाणारी मालवाहू विमानं. बिहारमध्ये रामगढला अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायत करणारे चिनी सैनिक. लेडोहून निघून फेब्रुवारी १९४५ मध्ये कुनमिंगला पोचलेला लष्करी मोटारींचा पहिला ताफा. यातलं खोटं काहीच नव्हतं. लेडो रस्ता हजारो हिंदी मजुरांच्या घामावर उभा राहिला हेही खरंच. पण या चीनमध्ये कम्युनिस्ट नव्हते, चँग यांच्या राजवटीतली लाचखोरी नव्हती, सक्तीच्या भरतीत दोरखंडाने बांधून नेलेले रंगरूट नव्हते. अमेरिकेत फ्रँक काप्रा यांनी सैन्यासाठी काढलेला 'द बॅटल ऑफ चायना' हा १९४४ चा पट आज पाहिला तर हेच ध्यानात येतं. तासाभराच्या त्या पटात कम्युनिस्टांच्या येनानचं नाव निघत नाही. कोटणीस ज्या सैन्यात राबले, ते सैन्य दोस्तांच्या चीनमध्ये जणू नव्हतंच.

नगर जिल्ह्यातल्या घरांमध्ये मात्र एवढा एकजिनसी चीन किंवा एकजिनसी जपान नव्हता. नगरचे अच्युतराव पटवर्धन भूमिगत होऊन आंदोलन चालवत होते. अशा घरांत सरकारी पडद्यावरच्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, हीच रीत होती. सुभाषबाबू जपानच्या मदतीने सेना उभारत असल्याच्या बातम्या रेडिओवरून येत, तेव्हा अनेकांच्या मनात जपान हा मित्र झाला होता. आणि याच सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेच्या काळात जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनकडे डॉक्टर गेले होते, हेही तेच लोक विसरले नव्हते. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांसाठी हे लोकयुद्ध होतं. अण्णाभाऊ साठे यांनी स्तालिनग्राडवर पोवाडा रचला आणि तो कामगारांच्या वस्त्यांत डफावर गायला गेला. दोस्तराष्ट्राची प्रतिमा लोकांच्या मनात उभी करण्याचं ते दुसरं साधन होतं, आणि ते मराठीत होतं. त्या पोवाड्यातही प्रचार होताच. फरक इतका की आवडला नाही तर माणूस उठून जाऊ शकत होता.

कोटणीसांकडे पुन्हा वळतो, कारण मराठी मनात चीनची जी मूर्ती बसली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण. पथकातले बाकीचे एकेक करून परतले. वडील वारल्याची बातमी चीनमध्येच कळली, तरी हे थांबले. फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान, नंतर आघाडीवर, आणि १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचं प्रमुखपद. तिथल्या परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न झालं, मुलगा झाला. त्याचं नाव यिनह्वा ठेवलं, नावातच भारत आणि चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस. त्या दिवशी त्यांना चीनला पाठवणारे नेहरू नगरच्या किल्ल्यात होते.

डॉ. बसू १९४३ मध्ये परतले आणि त्यांच्याकडून ऐकून ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यावरून अब्बास आणि वसंत साठे यांनी पटकथा केली, आणि शांतारामबापूंनी राजकमलमध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. स्वतः कोटणीस झाले, जयश्री झाल्या छिंगलान, बाबूराव पेंढारकर जनरल फाँग, संगीत वसंत देसाईंचं. सरकारला हवा असलेला युद्धाला पोषक विषय आणि शांतारामबापूंना हवा असलेला देशभक्तीचा विषय, दोन्ही या एका गोष्टीत बसत होते. जपानविरुद्ध लढणाऱ्या दोस्तराष्ट्राची कथा म्हणून सरकारला आक्षेप घेता येईना. काँग्रेसने धाडलेल्या डॉक्टरची कथा म्हणून प्रेक्षकाला ती आपली वाटे. सरकारी चौकटीत राहून तिच्यातून आपलं काढून घेण्याची ही हुशारी मला मनापासून आवडते.

पण पडद्यावरच्या कोटणीसांना जपानी पकडतात, ते निसटतात, साथीच्या रोगावर औषध शोधतात आणि त्याच रोगाने जातात. खऱ्या कोटणीसांच्या नशिबी असं नाट्य नव्हतं. रोज डझनांनी जखमी, भूल द्यायला औषध अपुरं, गावोगाव पळवावं लागणारं रुग्णालय, चिनी भाषेतून शिकवायचे वर्ग, आणि आधीपासून असलेलं दुखणं अंगावर काढत केलेलं काम. त्या आयुष्यात शेवटच्या वर्षी त्यांनी कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व घेतलं हाही एक भाग होता. आजही सोलापूरच्या बाहेर कुणाला विचारलं तर कोटणीस महामारीत गेले असंच बहुतेक सांगतील. चित्रपट एखाद्या माणसाला अमर करतो तेव्हा त्याचं मरणही बदलून टाकतो, याची मला हळहळ वाटते.

चित्रपट १९४६ मध्ये लागला तेव्हा युद्ध संपून गेलं होतं, आणि ज्या यंत्रणेच्या दबावाखाली युद्धपट निघत होते, तिचाही शेवट झाला होता. मध्यवर्ती विधिमंडळाने त्या वर्षी इन्फर्मेशन फिल्म्सच्या खर्चाला मंजुरी नाकारली. राष्ट्रीय नेत्यांना पडद्यावर कधी जागा न देणारी ही संस्था लोकप्रतिनिधींना नकोशी झाली होती. न्यूज परेडही बंद पडली. परिणाम असा की १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र देशाच्या सरकारकडे स्वतःचं चित्रण करणारं एकही पथक नव्हतं. त्या रात्रीची आणि दिवसाची चित्रं खासगी कॅमेरामनांनी टिपली.

किल्ल्यातल्या दिवसांबद्दल आणखी सांगायला हवं. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. त्यात भारत आणि चीन यांच्या जुन्या संबंधांवर भरभरून मजकूर आहे. फाहियान, युआन श्वांग, नालंदा, दोन्ही देशांमधून हजार वर्षं ये-जा करणारे भिक्षू. त्याच आवारात आचार्य नरेंद्र देव वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'चं हिंदी भाषांतर करण्यात गढले होते. ते पूसँ या बेल्जियन पंडिताच्या फ्रेंच ग्रंथावरून भाषांतर करत होते, आणि पूसँ यांचा मुख्य आधार युआन श्वांगचं चिनी भाषांतर होता. भारतातून चीनला गेलेला ग्रंथ फ्रेंचच्या वाटेने नगरच्या तुरुंगात परत येत होता. मला त्या दोन वर्षांतली ही सर्वांत सुंदर घटना वाटते. याच कोठड्यांत वल्लभभाई होते, ज्यांनी पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी, चिनी सैन्य तिबेटात शिरल्यावर, नेहरूंना पत्र लिहून उत्तरेच्या सीमेबद्दल परखड इशारा दिला. याच कोठड्यांत कृपलानी होते, ज्यांनी तिबेटचा बळी देऊन पंचशील जन्मलं अशी टीका लोकसभेत केली. बारा कैद्यांमध्ये चीनकडे पाहण्याच्या तीन-चार तऱ्हा होत्या. देशाला त्या सगळ्या ऐकायला मिळायला हव्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर मात्र पडद्याने पुन्हा एकच तऱ्हा उचलली. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि तिच्या बातमीपटाला 'इंडियन न्यूज रिव्ह्यू' हे नाव मिळालं. ज्या सक्तीवर काँग्रेसवाल्यांनी टीका केली होती ती सक्ती परत आली, आणि १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात परवान्याची अट म्हणून कायम झाली. सिनेमागृहांनी उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का भाडं द्यायचं. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे मुख्य निर्माते झाले एझ्रा मीर, युद्धकाळातल्या इन्फर्मेशन फिल्म्सचेच. मीर कुशल होते आणि त्यांच्या काळात चांगले माहितीपट निघाले, हे मान्य करूनही सांगतो: राज्य बदललं, पण प्रेक्षकाची ती मिनिटं त्याला परत मिळाली नाहीत.

२९ एप्रिल १९५४ ला तिबेटविषयीच्या करारात पंचशील आलं. जूनमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीत आले. ऑक्टोबरमध्ये नेहरू पेकिंगला गेले. हार, फुलं, रस्त्याच्या दुतर्फा झेंडे हलवणारी मुलं, हातात हात घेतलेले दोन पंतप्रधान, आणि 'हिंदी-चिनी भाई-भाई'च्या घोषणा. आधीच्या दशकातल्या चँग यांच्या जागी चौ आले होते, बाकी साचा तोच. पूर्वीच्या चीनमध्ये कम्युनिस्ट दिसत नव्हते. आताच्या चीनमध्ये तिबेट दिसत नव्हता. अक्साई चीनमधून चिन्यांनी रस्ता काढला तो याच भाई-भाईच्या काळात, १९५७ मध्ये पुरा झाला, आणि सरकारने ती गोष्ट संसदेला सांगितली ती १९५९ मध्ये. तालुक्याच्या गावी बातमीपटाची प्रत मोठ्या शहरांत फिरून झाल्यावर, काही आठवड्यांनी पोचे. ही बातमी तर दोन वर्षं कुठल्याच गावी पोचली नाही.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी लडाख आणि नेफामध्ये (आजच्या अरुणाचलमध्ये) चिनी हल्ला झाला. नगर हे तोवर चिलखती दलाचं शहर झालं होतं. फाळणीनंतर रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आणि शाळा इथे उभी राहिली होती. त्या ऑक्टोबरात २० लान्सर्सचे एएमएक्स रणगाडे विमानात घालून चुशूलच्या धावपट्टीवर उतरवले गेले. इतक्या उंचीवर रणगाडे नेण्याची ती असामान्य कामगिरी होती. ज्या दलाचं घर नगरला, त्याचे जवान त्या चीनसमोर उभे होते ज्याच्याविषयी त्याच गावातल्या किल्ल्यात, अठरा वर्षांपूर्वी, एवढ्या आपुलकीने लिहिलं गेलं होतं. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. महिन्याभराच्या लढाईत देश हादरला, आणि चीनने २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली.

हरण्याचं दुःख समजू शकतं. पण त्या वेळच्या पिढीने ज्याला विश्वासघात म्हटलं, त्या भावनेचा मोठा वाटा पडद्याने पेरलेला होता असं माझं ठाम मत आहे. ज्याला वर्षानुवर्षं फक्त हार आणि हस्तांदोलनं दाखवली, त्याला सीमावाद नावाची गोष्ट आहे हे कोण सांगणार? शंका घ्यायला ज्याला कधी शिकवलं नाही, त्याचा राग आंधळा होतो. तो राग कुणावर निघाला, तेही पाहा. कलकत्ता, शिलाँग, दार्जिलिंगकडची चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसं, कित्येक इथेच जन्मलेली, पकडून राजस्थानात देवळीच्या छावणीत टाकली. कुणी चर्मकार, कुणी सुतार, कुणी शाळकरी पोर. काहींना तिथून सुटायला वर्षं लागली. नगरकरांना अशी छावणी नवी नाही. १९१४ मध्ये जर्मन नागरिक इथेच आणून ठेवले होते, आणि दुसऱ्या महायुद्धात पुन्हा. पुढे तिबेटात सात वर्षं राहिलेला गिर्यारोहक हाइन्रिख हारर त्यांच्यातलाच. सरकारने शत्रू ठरवलेल्या देशाचा माणूस हाही शत्रूच, असं ठरवायला पडद्यावरची ती मिनिटं फार मदत करतात.

कोटणीसांचं नाव मात्र या सगळ्यातून वाचलं. चीनमध्ये शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, सोलापुरात घराचं स्मारक झालं आहे. दोन्ही देशांचं भांडण चालू असतानाही कुणी त्यांच्याबद्दल वावगा शब्द काढला नाही. कारण उघड आहे: त्यांच्या कामाला कुठल्याही सरकारी निवेदकाच्या आवाजाची गरज नव्हती.

'इंडियन न्यूज परेड'ची बरीच रिळं आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. 'इंडियन न्यूज रिव्ह्यू'चा साठा मुंबईला, पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या संग्रहात, आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. नगरच्या किल्ल्यातल्या नेत्यांच्या खोल्या पाहायला शाळांच्या सहली येतात आणि नेहरूंची खोली पाहून परत जातात. माझी जिल्ह्यातल्या शिक्षकांना, इतिहासाच्या अभ्यासकांना आणि किल्ला सांभाळणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना विनंती आहे की १९४३, १९५४ आणि १९६२ मधले चीनवरचे तीन बातमीपट मिळवा आणि त्या मुलांना एकापाठोपाठ एक दाखवा. सगळे मिळून तासभर लागेल. निवेदनाचा आवाज एकदा चालू ठेवून, आणि मग एकदा बंद करून.